चार इंच कमी

आमच्या बडोद्याच्या घरात आईचा तंबोरा आहे. आईच्या गुरुजींच्या तंबोऱ्याशेजारी तो ठेवला की धाकट्या भावासारखा दिसायचा. लहानपणी मला वाटायचं, आजोबांकडे तेव्हा पैसे कमी पडले असतील, म्हणून छोटा घेतला. एकदा तसं बोलूनही दाखवलं. आई हसली आणि म्हणाली, "अरे, बायकांच्या आवाजाचा तंबोरा असाच असतो. मोठा आणून मी काय त्याच्याशी भांडत बसू?"

हे वाक्य मला नंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी, जर्मनीतल्या एका खेड्यात आठवलं. तेव्हाच आठवलं असतं तर मधली बरीच वर्षं वाचली असती.

बीईच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी बँड काढला. गिटारला दोघं आधीच होते, ड्रमवाला होता, म्हणून बास माझ्याकडे आला. एका सीनियरकडून जुना बास घेतला. चार जाड तारा, लांबलचक दांडी, वजन चार किलोच्या वर. पहिल्या पडद्यावर पहिलं बोट ठेवलं की चौथ्या पडद्यापर्यंत माझी करंगळी पोचायचीच नाही. माझे हात आखूड. ते आजोबांकडून आले, असं घरात सगळे म्हणतात. मी मनगट वाकवून, बोटं ताणून वाजवत राहिलो. पुढे नोकरी लागली, दिवसभर कीबोर्ड आणि रात्री बास. डावं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी काही महिने विश्रांती घ्यायला सांगितलं. मी बासच विकून टाकला.

आई तेव्हा म्हणाली होती, "हात दुखतो म्हणून वाद्य सोडतात का? माप बदलून बघ." मला वाटलं, आईला बासमधलं काय कळतंय! तो काय तंबोरा आहे?

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मला तीन महिने एरलांगेनला पाठवलं. दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया राज्याच्या फ्रँकोनिया भागातलं हे शहर. न्यूरेंबर्गपासून वीसेक किलोमीटर. विद्यापीठ, सीमेन्सची मोठमोठी ऑफिसं, सायकलींचे रस्ते. ऑफिसात जेवताना संगीताचा विषय निघाला आणि मी कधीकाळी बास वाजवायचो असं सांगितलं. समोरचा सहकारी म्हणाला, "मग तू अजून बुबेनरॉइटला गेला नाहीस? ट्रेननं पुढचंच स्टेशन आहे. पॉल मॅकार्टनीचा बास तिथला."

बीटल्सच्या मॅकार्टनीचा तो व्हायोलिनसारख्या आकाराचा बास मी फोटोंत शेकडो वेळा पाहिला होता. तो इंग्लंडचाच असणार, असं मी धरून चाललो होतो. शनिवारी एस-बान पकडली. एरलांगेन सुटलं, सीटवर नीट टेकतोय तोवर बुबेनरॉइट आलं.

गाव म्हणजे उतरत्या छपरांची नीटनेटकी घरं, पुढे छोट्या बागा, दुपारी अगदी शांत. वाद्यांचं गाव म्हटल्यावर मी रस्त्याच्या दुतर्फा दुकानं असतील अशी कल्पना केली होती. तसं काहीच नाही. पण चालता चालता पाट्या वाचायला लागलो. एका रस्त्याला शोनबाख या गावाचं नाव. शोनबाख इथून जवळ कुठेच नाही. ते आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं आजचं नाव लुबी. आपल्या गावातल्या रस्त्याला दुसऱ्या देशातल्या गावाचं नाव का दिलं असेल, याचं उत्तर बुबेनरॉइटेउम नावाच्या इथल्या संग्रहालयात मिळालं. मी आधी ई-मेल करून वेळ घेतली होती, ते बरं झालं.

गोष्ट अशी आहे. बोहेमियातलं शोनबाख हे पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन बनवणाऱ्यांचं गाव. तिथले कारागीर जर्मन बोलणारे. कार्ल हॉफनर यांनी 1887 मध्ये आपला वाद्यांचा व्यवसाय तिथेच सुरू केला. कामाची पद्धत घरोघरी वाटून घेतलेली. एका घरात फक्त माना कोरायच्या, दुसऱ्या घरात पाठी, तिसऱ्या घरात खुंट्या, आणखी कोणाकडे गज. कुणीतरी हे सगळं जोडून पूर्ण वाद्य करायचं. मग दुसरं महायुद्ध झालं. नाझी राजवटीनं चेकोस्लोव्हाकियावर जे लादलं त्याचा राग युद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांवर निघाला आणि त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. शोनबाखचे कारागीर हातात नेता येईल तेवढं सामान घेऊन निघाले आणि बव्हेरियाभर विखुरले.

इथे त्यांची खरी अडचण सुरू झाली. ज्याला फक्त खुंट्या करता येतात तो एकटा एखाद्या खेड्यात बसून काय करणार? मान कोरणारा जवळ नाही, पाठ करणारा जवळ नाही. सगळे एकत्र राहिले तरच धंदा उभा राहणार होता. 1949 मध्ये बुबेनरॉइटनं त्यांना आपल्याकडे वसवून घ्यायचं ठरवलं. तेव्हा हे काही शे वस्तीचं शेतकऱ्यांचं खेडं होतं. आलेल्यांची संख्या मूळ गावकऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी नवी वसाहत बांधली. मी ज्या नीटनेटक्या घरांमधून चालत आलो होतो ती तीच, व्हायोलिनवाल्यांची वसाहत. हॉफनरही इथे आले. फ्रेड विल्फर यांची फ्रामुस कंपनीही एरलांगेनहून इथे आली. पुढे रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनच्या हातात फ्रामुसचा बास दिसू लागला.

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट ऐकताना आपलं काही आठवल्याशिवाय राहत नाही. अर्थात आपलं आणि त्यांचं सारखं नाही. आपण गायकवाडांबरोबर आलो, मानानं आलो. त्यांना घरातून काढलं. पण दांडिया बाजारात राहून मला एक गोष्ट माहीत आहे. आपली भाषा कुणा एकाच्या घरात पूर्ण नसते. एका घरात आरत्या पाठ असतात, एका घरात पाककृती, एका काकांकडे जुने दिवाळी अंक. शेजार मोडला की प्रत्येकाकडे फक्त खुंट्या उरतात.

संग्रहालयात व्हायोलिनच्या अर्धवट कोरलेल्या मानांनंतर गिटारी होत्या आणि त्यांच्यात तो व्हायोलिन बास. मॉडेल 500/1. कार्ल यांचे चिरंजीव वाल्टर हॉफनर यांनी तो तयार केला आणि 1956 मध्ये फ्रँकफर्टच्या वाद्यमेळ्यात लोकांपुढे आणला. वाल्टर स्वतः व्हायोलिनचं काम शिकलेले. म्हणून त्यांनी हातात होतं तेच केलं. आतून पोकळ, वरची पाटी व्हायोलिनसारखी फुगीर, वजन जेमतेम दोन-अडीच किलो. 1961 मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवणाऱ्या विशीच्या आतल्या मॅकार्टनीनं सुमारे तीस पौंडांना तो घेतला. तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा बास उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही, हे त्याला आवडलं. तो पहिला बास 1972 मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला आणि पन्नासहून जास्त वर्षांनी त्याच्याकडे परत आला. 2024 च्या फेब्रुवारीत ही बातमी जगभर झाली होती.

मी मात्र त्या बासच्या दांडीकडे बघत होतो. ती आखूड होती. माहितीच्या पाटीवर आकडा होता, 76 सेंटीमीटर, म्हणजे 30 इंच.

बासचं 'स्केल' म्हणजे तारेचा वाजणारा भाग, वरच्या नटपासून खालच्या घोडीपर्यंत. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बास आणला तो 34 इंची आणि पुढे तेच माप जगभर रूढ झालं. माझा जुना बासही 34 इंची होता. त्याहून लहान असलेले, साधारण 30 इंचांचे, ते शॉर्ट-स्केल. मी आजवर त्यांना मुलांचे बास समजत होतो. पण क्रीमचा जॅक ब्रूस गिब्सनचा जो ईबी-3 वाजवायचा तोही 30 इंचांच्या घरातलाच. आणि खुद्द फेंडर कंपनीनंही 1966 मध्ये 30 इंची मस्टँग बास आणला होता.

रात्री खोलीवर येऊन कागद घेतला. इंजिनीयरिंगचं पहिलं वर्ष उपयोगी पडलं. नटपासून चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर 34 इंचीवर 17.8 सेंटीमीटर येतं आणि 30 इंचीवर 15.7. दोन सेंटीमीटर. माझी करंगळी नेमकी तेवढीच कमी पडायची! शिवाय तीच तार, तोच सूर ठेवला तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 30 भागिले 34, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे 0.78. बोटाखालचा ताण बावीस टक्क्यांनी कमी. आणि सूर? तो तसाच. सर्वांत खालची ई तार दोन्हींवर सेकंदाला 41 वेळाच थरथरते. मला बोटं ताणायला लावत होता तो सूर नव्हता, फक्त लाकूड होतं. आईचा तंबोरा आठवला तो इथे.

पुढच्या शनिवारी न्यूरेंबर्गच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे दीड तास काढला, त्यातून जे कळलं ते सांगतो. कुणाला घ्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, उभं राहून बघा. पट्टा लावून बास गळ्यात घ्या आणि दोन्ही हात सोडा. काही बासांची दांडी जड असते आणि अंग हलकं, मग दांडी जमिनीकडे झुकते आणि डावा हात ती उचलून धरण्यातच दमतो. मी पहिल्यांदा उचललेला देखणा, शिंगांचा बास इथेच नापास झाला.

दुसरी, जाड ई तार आधी वाजवा. शॉर्ट-स्केलचा कस तिथे लागतो. ताण कमी, त्यामुळे स्वस्त बासवर ही तार सैल, पिठाळ ऐकू येते. जोरात ओढली की पडद्यांवर खडखडते. हलक्या हातानं वाजवून बघा. सूर गोल, भरलेला आला तर बास चांगला. स्वच्छ, टणकारा आवाज हवा असेल, बोटांनी तारेवर ठोकत वाजवायचं असेल, तर मात्र 34 इंचीच बरा. तिथे लांब तारेला तोड नाही.

तिसरी, घरात कधी वाजवणार याचा विचार करा. इबानेझचा मायक्रो बास 28.6 इंचांचा, आणखी लहान. स्क्वायरचा ब्रॉन्को 30 इंची, साधा, दणकट. दोन्ही भरीव लाकडाचे. अँप्लिफायर किंवा हेडफोन नसेल तर ते फारसे ऐकू येत नाहीत. व्हायोलिन बास पोकळ, त्यामुळे शांत खोलीत तो तसाच वाजवला तरी स्वतःपुरता ऐकू येतो. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ती झोपल्यावरच मला वेळ मिळणार होता. माझं ठरलं ते इथे.

चौथी, पोकळ बासची किंमतही मोजावी लागते. मोठ्या आवाजात अँप्लिफायरसमोर उभं राहिलं की तो घुमायला लागतो, शिट्टी धरतो. हॉफनरच्याच काही प्रकारांत आत लाकडाचा ठोकळा असतो, ते कमी घुमतात. सतत स्टेजवर वाजवणाऱ्यानं ते बघावेत.

जर्मनीत बनलेला 500/1 माझ्या खिशाच्या कितीतरी पट वर होता. मी त्यांच्याच इग्निशन मालिकेतला, जर्मनीबाहेर बनणारा स्वस्त व्हायोलिन बास घेतला. बुबेनरॉइटजवळ राहून बुबेनरॉइटचा नसलेला बास घेतला, याचं आधी थोडं वाईट वाटलं. मग म्हटलं, बडोद्यात बसून आपण तरी कुठे पुण्याची पुरणपोळी मागवतो. पद्धत तिथली, पोळी घरची.

तिथली बटणं मात्र गमतीदार. 'बास ऑन' आणि 'ट्रेबल ऑन' असे दोन छोटे खटके, आणि त्यांचा परिणाम नावाच्या उलटा ऐकू येतो. पहिले दोन दिवस मी बास बिघडलाय असंच समजत होतो.

परत येताना एक मूर्खपणा केला. विमानात तारांचा ताण नको म्हणून मी चारही तारा अगदी सैल सोडल्या. दुकानदारानं सांगितलेलं विसरलो होतो. या बासची घोडी व्हायोलिनसारखी नुसती ठेवलेली असते, चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावरच ती उभी राहते. बडोद्याला पिशवी उघडली तर घोडी निसटून खाली, एका कोपऱ्यात. अंदाजानं उभी केली, तारा चढवल्या. रिकाम्या तारा सुरात आणि बाराव्या पडद्यावर सगळंच बेसूर.

आई म्हणाली, "आपल्या मिस्त्रींकडे ने." हे मिस्त्री वर्षानुवर्षं तिच्या तंबोऱ्याची जवारी काढतात. रावपुऱ्याच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान. मी संकोचत गेलो. हार्मोनियमच्या भात्यांत आणि सतारीच्या भोपळ्यांत इलेक्ट्रिक बास कसा काढायचा!

त्यांनी पिशवीतून तो बाहेर काढला, उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आ तो व्हायोलिन छे ने!"

"बास आहे, काका. व्हायोलिनवाल्यांनी केलेला."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी पट्टी घेतली. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजलं, पंधरा इंच. बाराव्यापासून पुढे पुन्हा पंधरा आणि अगदी थोडं जास्त. तिथे घोडी उभी केली. मग एकेक तार रिकामी आणि बाराव्या पडद्यावर दाबून ऐकली. पडद्यावरचा सूर चढा आला की घोडी केसभर मागे, उतरा आला की पुढे. दहा मिनिटांत सगळं जुळलं. शेवटी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलनं बारीक खूण केली. "आता तार बदलायची तर एकेक. चारी एकदम काढायच्या नाहीत. आणि तारा घेताना शेपटीपासून नटपर्यंत मोजून घे, याला साध्या आखूड तारा पुरायच्या नाहीत."

मी त्यांना बुबेनरॉइटची गोष्ट सांगितली. माना कोरणारे, खुंट्या करणारे, सगळं गावच दुसरीकडे वसवलेलं. ते शांतपणे ऐकत होते. "आमच्यातसुद्धा तसंच होतं," ते म्हणाले. "भोपळा आणणारा वेगळा, हस्तिदंती पट्ट्यांचं काम करणारा वेगळा. आता मी एकटाच सगळं करतो." पुढे काही बोलले नाहीत. दुकानात दुसरं कुणी कारागीर नव्हतंच. पैसे किती विचारलं तर म्हणाले, "आईला विचार, तंबोरा कधी आणणार. दोन वर्षं झाली."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे दोन वर्षांत आई गायलाच बसली नव्हती. मी घरातच होतो, पण लक्ष दिलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "एकटीनं काय बसायचं रोज. विद्यार्थिनी येणं बंद झालं, मग राहिलंच." सयाजीरावांच्या काळात 1886 मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेचं पुढे जे संगीत महाविद्यालय झालं, त्यात शिकलेली माझी आई. आणि मी मनगट दुखतं म्हणून वाद्य विकून मोकळा झालो होतो.

त्या रविवारी तंबोरा मिस्त्रींकडे नेऊन दिला. आठ दिवसांनी जवारी होऊन आला.

आई पांढरी सहामध्ये गाते. बासची दुसरी तार ए, म्हणजे नेमका तिचा षड्ज. पहिली ई, म्हणजे त्याखालचा पंचम. डाव्या हाताला काही कामच नाही! नुसत्या दोन रिकाम्या तारा छेडायच्या, तंबोऱ्याच्या अंगानं, हळू. पहिल्या रात्री मी एवढंच केलं. अँप्लिफायर नाही, काही नाही. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. आईनं तंबोरा मांडीवर घेतला, थोडा वेळ नुसतंच ऐकलं आणि म्हणाली, "जरा हलका लाव तो खालचा. गुरगुरतोय."

हलका लावला. मग गुरगुरला नाही.

आता आठवड्यातून दोनदा तरी बसतो. गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात आईच्या अभंगाला साथही केली. अँप्लिफायरच्या फार जवळ उभा राहिलो आणि बास घुमला, तो प्रसंग बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. मनगटाचं म्हणाल तर अर्ध्या तासानं थांबतो, हात झटकतो, पुन्हा वाजवतो. कार्यक्रमानंतर एक नववीतली मुलगी येऊन विचारत होती, तिचे हात लहान आहेत, तर तिला बास जमेल का. तिला माझा बास हातात दिला आणि पहिल्या पडद्यावर बोट ठेवायला सांगितलं. तिची करंगळी चौथ्या पडद्यावर पोचली. अगदी आरामात नाही, पण पोचली.